छत्रीवाल्याची चौकशी

निजामाच्या मुलखात माझ्याएवढा डोकेबाज गुप्तहेर दुसरा नाही, हे मी स्वतः तपास करून ठरवलं आहे. माझं नाव सोनाजी. हिंगोलीच्या एका पोलीस चौकीत मी अकरा महिने पाणी भरलं. लोक म्हणतात, पाणीच भरलं. पण रांजण भरता भरता दहा चोरांचे जबाब माझ्या कानावरून गेले आणि त्यातला एकही मी विसरलो नाही. माणसाच्या वहाणा पाहून मी त्याचं गाव सांगतो. कधीकधी गाव चुकतं, पण तो दोष वहाणांचा. माझी बायको गोजरबाई माझ्या हुशारीला फारशी किंमत देत नाही. मोठ्या माणसांच्या घरी असंच चालतं.

आता प्रकरण. जर्मनची लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात जमिनीला कधी नव्हे तो भाव आला होता. हळदीचं काळं रान लोक एकरी दोनशे हाली, म्हणजे निजामाच्या शिक्क्याच्या, रुपयांना मागत होते. अशात एक दिवस हातात छत्री घेतलेला अनोळखी माणूस गावात आला. घरोघर फिरला. जमीन किती, विहीर कुठं, पिकतं काय, विकायला काढली तर काय येईल, एवढं विचारून दिवस मावळायच्या आत निघून गेला. नाव त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सरकारी माणसाला नाव विचारायची आमच्याकडे रीत नाही.

तो सरकारी आहे हे गावाने छत्रीवरूनच ओळखलं होतं. आणि सरकारने जमिनीबद्दल विचारलं की काय सांगायचं, हे आमच्याकडचं लेकरू बोलायला लागलं की आधी शिकतं. साठ एकरांचे धनी उत्तमराव म्हणाले, रान कुठलं, नुसता मुरूम आहे. तांड्यावरचा थावरा म्हणाला, मागल्या साली पेरलेली ज्वारी अजून उगवायची आहे. मनकर्णाकाकूंनी तर कहर केला. "दगड पिकतेत, साहेब," त्या म्हणाल्या, "अन् तेबी बारके." त्यांच्या पाच एकरातली हळद तेव्हा अंगणातच वाळत होती. काकू तिच्यावर गोधडी टाकून वर बसून हे बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी गावात बातमी उठली की सरकार नव्याने मोजणी करून शेतसारा वाढवणार. तिसऱ्या दिवशी ती बातमी वयात आली. जमीन विकली की मूळ खरेदीपेक्षा जेवढा पैसा वर येईल, त्यातला हिस्सा म्हणे सरकारजमा होणार. कोणाच्या आज्याने कोणतं रान कितीला घेतलं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे नफा किती धरतील याचा अंदाज लागेना आणि भीती वाढतच गेली. जो तो कायदा यायच्या आत विकायला निघाला. घेणारे एकटे उत्तमराव.

मनकर्णाकाकू माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुंजाजी नावाचा एकुलता एक मुलगा लग्नाचा झालेला.

"सोनाजी, गुरुवारी उत्तमराव इसार देतो म्हणून राहिला. ऐंशीनं मागतो. मालकानं हातानं दगड येचून केलेलं रान हाय, द्यायचं मन न्हाई. पर ठेवलं अन् सरकारनं खाल्लं तर मुंजाजीच्या हाती काय? तो माणूस कोण व्हता, एवढं गुरुवारच्या आत सांग."

"काकू, बेफिकीर राव्हा," मी म्हणालो. "तुमचा गुरुवार मी सोमवारीच उजाडवतो."

कामाला लागलो. नदीच्या वाटेवर त्याच्या वहाणांचे ठसे सापडले. डावा पाय खोल रुतला होता. म्हणजे डाव्या खिशात जड कागद, म्हणजे नकाशा, म्हणजे आगगाडी. सोमवारी चावडीवर मी जाहीर केलं की गावातून रेल्वे जाणार आणि रानं रुळांखाली जाणार. संध्याकाळपर्यंत भाव ऐंशीचा सत्तर झाला. मंगळवारी कळलं की तो दोन विहिरींत डोकावला होता. यावरून मी काढलं की सरकार विहिरींना कुलूप लावून पाणी मापाने देणार. भाव साठ. बुधवारी सकाळी शोध लावला की छत्री ही छत्रीच नव्हती, मोजणीची काठी होती आणि तिला वर कापड लावलं होतं. भाव पन्नासावर आला.

उत्तमरावांनी त्या दिवशी मला घरी बोलावून पुरणपोळी वाढली आणि तपास असाच चालू ठेवा म्हणाले. कामाची कदर करणारा गावात तेवढा एकच माणूस निघाला.

जड पोटाने घरी आलो तर गोजरबाई भाकरी थापत होती.

"तो छत्रीवाला आपल्या घरी बी आलता," ती म्हणाली.

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं काहून न्हाई? तुमी ठसे मोजून राहिले व्हते."

"काय म्हणाला? एक शब्द गाळू नको."

"मनकर्णाकाकूचं घर समोर, म्हणून त्यांचंच इचारीत व्हता. प्यायच्या पाण्याची विहीर घरापासून किती लांब. वाटंला चढ हाय का. सासूचा आवाज केवढा हाय. पोरगं तंबाखू खातं का."

"पाहिलंस?" मी ताडकन उठलो. "तंबाखूवर पण कर बसवून राहिले."

गोजरबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "सरकारला रानातल्या विहिरीशी मतलब. घरची विहीर किती लांब हे त्योच इचारतो, ज्याच्या पोरीला घागर वाहायची हाय. पोरीचा बाप हाय त्यो. मुंजाजीला पाहून गेला."

मीसुद्धा याच निष्कर्षाच्या अगदी जवळ पोचलो होतो, फक्त दुसऱ्या बाजूने येत होतो.

लगेच बैलगाडी जुंपली आणि काकूंना घेऊन आम्ही नवरा-बायको कुरुंद्याला गेलो. तो माणूस तिथे मेहुण्याच्या घरी उतरला होता, हेही त्याने गोजरबाईला सांगून ठेवलं होतं. नाव संतराम, सेनगावकडचा शेतकरी. छत्री त्याने उन्हासाठी आणली होती.

"बाई, पोरगं मला पसंत व्हतं," तो काकूंना म्हणाला. "पर दगडात पोरगी देऊ कशी? तुमी एकट्याच न्हाई, अख्खं गाव तेच सांगून राहिलं."

काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. एका खोटेपणात सून गेली होती आणि रान जायच्या वाटेवर होतं. "भाऊ, आमी तुमाला सरकार समजलो," त्या म्हणाल्या. "पाव्हणा समजलो असतो तर दोन खंड्या वाढवून सांगितलं असतं."

संतरामने विचार केला. "उद्या येतो. गावानं माझ्यासमोर बोलावं."

गुरुवारी पारावर गाव गोळा झालं. उत्तमराव इसाराची थैली घेऊन आले होते, ती काकूंनी त्यांच्याच मांडीवर परत ठेवली. मग लोक बोलायला लागले. मुंजाजीचं लग्न एकट्याचं, पण लग्नाची पोरं तर घरोघर होती. थावराने सांगितलं की त्याच्या ज्वारीत उंट हरवतो. काकूंनी संतरामला अंगणात नेलं आणि गोधडी उचलून हळद दाखवली. शेवटी उत्तमरावांनाही राहवेना. आपल्या साठ एकरांचा मुरूम त्यांनी जागच्या जागी काळाभोर केला आणि वर दोन बारमाही विहिरी खोदल्या.

संतरामच्या गाडीपाठोपाठ काळी टोपी घातलेले एक गृहस्थ येऊन पाराच्या कडेला बसले होते. बोलत नव्हते, फक्त वहीत लिहीत होते. मी एका नजरेत ओळखलं की हा मुलीचा मामा. मामा पटला की लग्न पटलं, म्हणून मी त्यांच्याजवळ बसलो, पान दिलं आणि कोणाचं रान कुठून कुठपर्यंत हे बोट करून सांगितलं.

"और आपकी जमीन?" त्यांनी अदबीने विचारलं.

माझ्या दोन एकर बरडावर शेळीसुद्धा नाइलाजाने जाते. पण मामासमोर गावाची शान राखायची होती. "अव्वल," मी म्हणालो. "सालाला दोन पिकं. लिहा बराबर."

सुपारी फुटली. मुंजाजी लाजला, काकू पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या, आणि मलाही मनापासून बरं वाटलं. मी हाक दिली, "मामासाहेबांना आधी टिळा लावा."

"कोणाचे मामा?" संतराम म्हणाला. "मला वाटलं तुमच्या गावचे पाव्हणे हायेत."

गृहस्थांनी वही मिटली. ते तालुक्याचे गिरदावर, म्हणजे महसुलाचे अंमलदार होते, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायला आले होते. चावडीवर कोणी भेटेना म्हणून पारावर आले. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं खरं बोलणारं गाव पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी कपाळावर टिळा लावून घेतला आणि पेढाही खाल्ला.

सारा वाढायचा तो वाढला. काकू म्हणाल्या, भरू, रान तर घरात राहिलं. तांड्यापासून वाड्यापर्यंत सगळ्यांनी अर्ज केले की आमची जमीन मुरमाड आहे, पण प्रत्येक अर्जावर एकच शेरा येऊन राहिला, गावच्या एका जाणकाराने समक्ष दाखवली आहे.

माझ्या बरडाचाही सारा अव्वल प्रतीचा आला. गोजरबाईने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला, मग कुदळ आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "पहिलं पीक कवा काढता?"