ठळक तिरप्या अक्षरांची हकीगत

श्रीहरीचे पायी मस्तक ठेवून, टाळमृदंगाचा नाद कानी धरून ही हकीगत लिहिली ती ऐसी. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सर, चैत्रमास. एके राज्यी सरकारी छापखाना होता आणि तेथे रखमाजी तांबट छपाईचे ठसे कोरीत असे. त्याने रामजन्माचे उत्सवात चिंतोबुवांचे कीर्तन ऐकले, आणि बुवा एका शब्दापाशी पुढे झुकले, आवाज भरून आला, आणि रखमाजीस बसल्या जागी गुंगी आली. मग त्यास दिसले की सभामंडपात अक्षरेच बैसली आहेत, अंगावर फुलोरा नाही, टोकास वेलबुट्टी नाही, माथ्यापासून पायापर्यंत सारखी जाड, आणि सगळी कान देऊन पुढे झुकली आहेत. तैसीच त्याने पोलादात उलटी कोरली आणि शिशात ओतली आणि छापून हुजुरास दाखविली. महाराज प्रसन्न होऊन बोलिले, "वाहवा! अक्षरे की घोडदौड!"

मग काय विचारता! महाराजांस आवडले ते सर्वांस आवडले. कारभारी त्र्यंबकपंतांनी हुकूम त्यांत छापविले, जोशीबुवांनी पंचांग छापविले, आणि मुदपाकखान्याने भाज्यांची यादीदेखील. सारे राज्य कागदावरून ओरडू लागले आणि मग कोणी काही वाचीनासे जाहले. नदीवरल्या स्नानाच्या डोहाच्या पायऱ्या खचल्या, तेथे इशारा लाविला, तोही सगळाच ठळक तिरपा. तरी दोघे उतरले आणि बुडता बुडता वाचले. पंत संतापून म्हणाले, "महाराज, अक्षरेच कुचकामी. वितळवावी." हुकूम सुटला की उद्या दोन प्रहरी भट्टी पेटवावी.

रखमाजी रडत बुवांकडे गेला. "बुवा, माझी लेकरे उद्या भट्टीत जातात हो!"

बुवा वीणा जुळवीत होते. म्हणाले, "अरे वेड्या, मी नमनापासून आरतीपर्यंत ओरडतच राहिलो तर ऐकशील का?"

"उठून जाईन, बुवा."

"मग?"

रखमाजीने डोळे पुसले, आणि तसाच छापखान्यात गेला, आणि नवा कागद छापून डोहावर डकविला. मजकूर सगळा साध्या अक्षरांत, की पायऱ्या खचल्या आहेत, स्नानास वरल्या घाटी जावे, येथे उतरू नये. ठळक तिरपा शब्द एकच, शेवटला 'नये'.

प्रातःकाळी महाराज पंतांशी बोलत, जुन्या सवयीने, डोहाकडेच निघाले. पाऊल उचलले, दृष्टी कागदाकडे गेली, आणि पाऊल तसेच अधांतरी राहिले. पाण्यावर धुके होते. मग महाराजांनी पाऊल मागे घेतले आणि रखमाजीस बोलावून पुसिले, "ही नवी अक्षरे कोणती?"

"जुनीच, महाराज. फक्त गर्दी हटविली."

पंत खाली पाहू लागले. भट्टी पेटवावयाची राहिली, आणि हुकूम जाहला की पानास ठळक तिरपा एक शब्द, फार तर दोन. त्या सायंकाळी बुवा कीर्तनात 'राम' म्हणून झुकले, आणि सारा मंडप झुकला, रखमाजी सर्वांआधी. येणेप्रमाणे अक्षरे वाचली आणि महाराजही वाचले. हकीगत इतकीच.