तात्पुरत्या पत्त्यावरचं केंद्र

दाराची बेल वाजली तेव्हा उपसंचालक गालांना साबणाचा फेस लावून आरशासमोर उभे होते. बाहेर हॉलमध्ये त्यांच्या बायकोचा शिवणवर्ग भरला होता आणि पाच-सहा बायका झग्यांचे गळे कापण्यात गढून गेल्या होत्या. दार उघडलं तर समोर ट्रकवाला. खाली रस्त्यावर त्याचा ट्रक, ट्रकमागे क्रेन, आणि क्रेनला लोंबकळणारी एक लाकडी पेटी. कपाट तिच्यापुढे धाकटा भाऊ शोभलं असतं.

“उच्च तंत्रज्ञान भागीदारी केंद्र हेच ना?”

“छे हो! हे माझं घर आहे.”

“पत्ता तर हाच आहे, साहेब. पहिला मजला. आणि नाव तुमचंच दिसतंय.”

उपसंचालकांच्या गालावरचा फेस वाळायला लागला. हा पत्ता त्यांनी स्वतःच दिला होता.

झालं होतं असं. राज्य सरकारनं ठरवलं होतं की आपल्याकडेही संगणकाच्या चिपा तपासण्याचं केंद्र व्हावं, सरकारी-खासगी भागीदारीतून. इमारत आणि वीज सरकारनं द्यायची, यंत्र आणि प्रशिक्षण कंपनीनं. कल्पना उत्तम होती. फक्त सरकार म्हणे, कंपनीचं यंत्र येऊन पोचल्याशिवाय इमारत बांधता येत नाही. आणि कंपनी म्हणे, पत्ता कळल्याशिवाय यंत्र पाठवता येत नाही. गावाबाहेरच्या जागेवर कुंपण, फाटक आणि पहारेकऱ्याची खोली एवढंच उभं होतं. शेवटी एका बैठकीत संचालक कडाडले, “अहो, त्यांना कुठला तरी पत्ता द्या एकदाचा!” घाबरून उपसंचालकांनी घरचा पत्ता दिला. तात्पुरता, पत्रव्यवहारापुरता. कंपनी पत्राऐवजी यंत्रच धाडेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पेटी दारातून जाईना. खिडकीची जाळी कापावी लागली. पेटी आत आली, तशी बायका कापडाचे तुकडे छातीशी धरून भिंतीला टेकल्या. पेटीमागून कंपनीची इंजिनीअर आली. तरुण, अतिशय नम्र आणि तितकीच निर्दय. तिनं पेटीवरच्या एका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट केलं.

“यंत्र जरा कललं तरी हा ठिपका लाल होतो. लाल झाला की हमी संपली. त्यामुळे आता हे हलवायचं नाही.”

“कधीपर्यंत?” उपसंचालकांनी विचारलं.

“तुमची इमारत तयार होईपर्यंत.”

“इमारतीचा अजून पायासुद्धा खणला नाही हो!”

“मग सावकाश होऊ द्या,” ती गोड हसून म्हणाली. “तोवर खोलीत गारवा सारखाच हवा. आणि धूळ अजिबात चालणार नाही.”

धूळ म्हणजे काय, याचा तिचा अर्थ फार व्यापक होता. पडदे धूळ होते, सतरंजी धूळ होती, सोफा तर धुळीचं गोदामच होता. संध्याकाळपर्यंत हॉल रिकामा झाला. घरातल्या सगळ्यांना पांढरे झगे, टोप्या आणि पायांत घालायच्या पिशव्या मिळाल्या. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायचं तरी हॉल ओलांडायला लागे, त्यामुळे रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा दिसू लागला.

एकटे आप्पा खूष होते. आप्पा म्हणजे उपसंचालकांचे वडील, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना उकाडा सहन होत नसे. त्यांनी झगा चढवला, टोपी घातली आणि यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

खरी आफत शिवणयंत्रांवर आली. शिवणयंत्र सुरू झालं की त्या महायंत्रावरचा काटा थयथयाट करी.

“यंत्राला वाटतं, भूकंप झाला,” इंजिनीअरनं समजावलं.

“आणि मला काय वाटतं, ते कोण विचारणार?” बायको म्हणाली. “बारा वर्षं वर्ग चालवतेय मी इथे. शाळेचे गणवेश अर्धे शिवून पडलेत!”

“अगं, थोडे दिवस कळ काढ,” उपसंचालक कुजबुजले. “राज्याच्या प्रगतीचा प्रश्न आहे.”

“मग राज्याला सांगा, गणवेश शिव म्हणावं.”

वर्ग स्वयंपाकघरात गेला, तिथून गच्चीवर, गच्चीवरून जिन्यात. जिन्यात शेजाऱ्यांनी तक्रार केली. एकेक बाई येईनाशी झाली. बायकोनं एके संध्याकाळी शिवणयंत्रांवर चादर घातली. ती भांडली असती तर उपसंचालकांना बरं वाटलं असतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा धीर गोळा करून ते संचालकांच्या खोलीत शिरले.

“साहेब, यंत्र कृपा करून दुसरीकडे हलवू या.”

“हलवू या?” संचालक खुर्चीतून अर्धे उठले. “अहो, वेड लागलंय का? केंद्र सुरू झालं म्हणून मी वर कळवून बसलोय! राज्यातलं पहिलं! खुद्द सचिव मॅडम भेटीला येतायत.”

“पण इमारत…”

“केंद्र सुरू झाल्यावर इमारत कशाला? इमारतीचा प्रस्ताव परवाच बंद केला.”

यंत्र इमारतीची वाट बघत होतं, आणि यंत्र आलं म्हणून इमारत रद्द झाली होती. उपसंचालक “बरं” म्हणाले.

सचिव मॅडम आल्या त्या दिवशी उपसंचालकांच्या घराच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना पिशव्या घालून आत सोडण्यात आलं. उपसंचालकांनी माहिती सांगायला तोंड उघडलं, पण मॅडमची नजर यंत्राशेजारच्या झगाधारी वृद्धाकडे गेली.

“हे कंपनीचे ज्येष्ठ सल्लागार वाटतं?” त्या आदरानं म्हणाल्या. “किती वर्षं आहात आपण इथे?”

“चाळीस वर्षं होतील,” आप्पा म्हणाले.

“चाळीस!” मॅडमनी संचालकांकडे कौतुकानं पाहिलं. “आणि भागीदारी कशी चाललीय?”

“कुणाशी, सूनबाईशी? उत्तम. गरम चहा देते, उलट बोलत नाही. मुलाचं मात्र काही खरं नाही.”

संचालकांना जोरदार खोकला आला. मॅडम मात्र प्रसन्न हसल्या. मोठी माणसं अशीच विनोदी असतात, असं त्या सोबतच्यांना म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको दिसली.

“तुम्ही इथल्याच का? केंद्राचा काही त्रास होत नाही ना?”

उपसंचालकांनी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, की दगडालाही दया आली असती. पण बायको दगड नव्हती. तिनं सगळं सांगितलं. वर्ग, बायका, गणवेश, जिना. आवाज न चढवता, एका दमात सांगितलं.

मॅडम गंभीर झाल्या. “म्हणजे या केंद्रापायी तुमचा चालता व्यवसाय गेला. अहो संचालक, या तर प्रकल्पग्रस्त आहेत! यांचं पुनर्वसन झालं का?”

“करतोय, मॅडम,” संचालक म्हणाले. “तेच करत होतो.”

आणि खरंच केलं. आयुष्यात पहिल्यांदाच उपसंचालकांनी आपल्या खात्याला इतकं झटपट काम करताना पाहिलं. गावाबाहेरच्या त्या कुंपण घातलेल्या जागेत पत्र्याची ऐसपैस शेड उभी राहिली. वीज आली, रस्ता आला. इमारतीसाठी जे काही मिळायचं होतं, ते सगळं शिवणवर्गाला मिळालं. जुन्या बायका परत आल्या, नव्या आल्या, शेजारच्या गावातून येऊ लागल्या. बायको सकाळी डबा घेऊन निघे ती दिवेलागणीला येई. दमलेली असे, पण तिच्या चेहऱ्यावर असं तेज उपसंचालकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एकदा त्यांनी संचालकांना भीत भीत विचारलं, “साहेब, घर तर माझंही गेलंय. मीसुद्धा प्रकल्पग्रस्तच नाही का?”

“तुम्ही कसले प्रकल्पग्रस्त?” संचालक म्हणाले. “तुम्ही तर प्रकल्प आहात.”

पुढच्याच आठवड्यात इंजिनीअर माणसं घेऊन आली आणि तिनं यंत्र पेटीत भरायला घेतलं. शेजारच्या राज्यानं कंपनीला तयार इमारत, फुकट वीज आणि आणखी काय काय देऊ केलं होतं.

“अहो, पण ठिपका लाल होईल ना?” उपसंचालकांनी विचारलं. यंत्र जावं म्हणून मनात नवस बोलणारा माणूस, पण सवयीनं काळजी वाटली.

“होऊ दे. तिकडचं सरकार नवीन हमी घेऊन देणार आहे,” ती म्हणाली, आणि जाताना नम्रपणे सगळ्यांच्या टोप्या परत घेऊन गेली. आप्पांनी झगा दिला नाही.

जाळी पुन्हा बसली. हॉल मोकळा झाला. उपसंचालकांचा जीव भांड्यात पडला. सोफा कुठे ठेवायचा याचा विचार करत ते खिडकीत उभे होते, तेवढ्यात संचालकांचा फोन आला.

“अभिनंदन! केंद्रप्रमुख म्हणून तुमची पूर्ण वेळ नेमणूक झाली.”

“पण साहेब, भागीदार निघून गेला!”

“भागीदार गेला म्हणून भागीदारी कुठे गेली? सरकारचा पाठिंबा कायम आहे. वर कळवलेलं केंद्र बंद करता येत नसतं. उद्यापासून तिथेच बसायचं.”

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला आणि हॉलच्या दाराशी अंगठ्याचं हजेरीयंत्र ठोकून गेला. उपसंचालक झोपायच्या खोलीतून निघून, अंगठा लावून, हॉलमधल्या टेबलाशी बसू लागले. काम काहीच नव्हतं. एकदा चहात साखर घ्यायला उठले आणि परत येताना अंगठा लावला, तर उशिरा आल्याची नोंद होऊन अर्धी रजा कापली गेली. त्यानंतर ते चहा बिनसाखरेचा पिऊ लागले. ऑफिसातले जुने सोबती भेटेनासे झाले. संध्याकाळी खिडकीतून रस्त्यावरची माणसं कामावरून घरी जाताना दिसत, आणि त्यांना त्या माणसांचा हेवा वाटे.

असाच महिना गेला आणि मुख्यालयाचं पाकीट आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा केंद्रप्रमुखांनी स्वतःच ते घेतलं आणि स्वतःच त्यावर आवक शिक्का मारला.

“कुणाचं रे?” आप्पांनी खुर्चीतून विचारलं.

“मुख्यालयाचं. त्यांनी तपासणी केली म्हणे. मी कामाच्या वेळेत सतत स्वतःच्या घरी आढळतो, त्याचा खुलासा मागितलाय.”

आप्पांनी थोडा विचार केला. “मग, का असतोस रे घरी?”

उपसंचालकांनी वडिलांकडे पाहिलं, आणि बायकोला फोन लावला. पलीकडून शिवणयंत्रांचा घरघराट आला. इतका, की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

“अगं, मला एक खुलासा लिहायचाय. इथे बसून लिहवत नाही. तुझ्याकडे कोपऱ्यात एखादं टेबल मिळेल का?”

“मिळेल की! पण अहो, कामाच्या वेळेत ऑफिस सोडून याल कसे?”

उपसंचालकांनी दाराशी ठोकलेल्या हजेरीयंत्राकडे पाहिलं.

“हॅलो? जरा धरा हं फोन,” ती म्हणाली. “इकडे सचिव मॅडम आल्यात. सरकारशी भागीदारी कराल का, असं काहीतरी विचारतायत.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. कोणीतरी हसलं, कोणीतरी कात्री मागितली, यंत्रं पळत राहिली. उपसंचालक फोन कानाला लावून ते ऐकत बसले.