बिनहेलाचे घाडीकाका

विष्णू सखाराम घाडी, वय एकाहत्तर, राहणार काळाचौकी, आमच्याच चाळीचा दुसरा मजला, यांच्यावर गेल्या गणेश चतुर्थीला, सकाळची पहिली आरती संपल्यावर, तबकातला कापूर अजून विझायचा होता तेव्हा अन्याय झाला. सर्वांच्या देखत झाला. करणारे आपलेच होते. बघणारेही आपलेच होते, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही हसाल आणि हसता हसता मुद्दा विसराल. चाळीच्या पुनर्विकासाची पत्रकं मीच लिहिते. वाचणारा कुठल्या ओळीला सटकतो ते मला चांगलं कळतं.

तर घाडीकाका. या माणसाचं म्हणणं असं, की उभ्या महाराष्ट्रात प्रत्येकाच्या बोलण्याला हेल आहे, फक्त त्यांच्या नाही.

"माझ्या बोलण्याक हेलबिल काय नाय," ते सांगतात. "एकदम प्लेन."

हे ते ज्या सुरात म्हणतात, तो सूर कणकवलीच्या पुढच्या एका वाडीतून निघून वाटेत कुठेही न थांबता थेट काळाचौकीला पोचलेला आहे. समोरचा माणूस ओठ चावतो. काकांना वाटतं, त्याला पटलं.

फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. आत शिरलेला माणूस नुसतं "तिसरा" म्हणाला, की काका त्याला त्याचं गाव सांगायचे. मजला बरोबर यायचा. गाव क्वचित. चुकलं तर काकांकडे उत्तर तयार असायचं, ते आजही आहे: "मग आई तिकडची असणार."

मागे आमच्या नाक्यावर एक नवीन डॉक्टर आले. काका खोकला घेऊन गेले आणि स्टेथोस्कोप छातीला लागलेला असतानाच त्यांनी डॉक्टरांचं निदान केलं: तुम्ही अलिबागचे. डॉक्टर म्हणाले, मी नागपूरचा. मग आई तिकडची असणार. आईही अमरावतीची निघाली. मग आजी. डॉक्टरांच्या मागे रांग होती, त्यांनी आजी अलिबागला देऊन टाकली आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. आज आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे की डॉक्टर अलिबागचे आहेत, पण लपवतात.

बोलण्याची वर्गवारी काका जेवणावरून करतात. कोल्हापूरकडचा माणूस बोलला म्हणजे तांबडा रस्सा, ताट यायच्या आधी ठसका. पुण्याचा म्हणजे वरणभात, चांगला असतो, पण तूप मोजून. माझ्या बोलण्याला त्यांनी फोडणीचा भात ठरवलाय: कालची मराठी, वरून हिंदी, वरून इंग्लिश, आणि गॅस मोठा. मी एकदा चिडून विचारलं, आणि तुमचं काय हो? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांचं बोलणं म्हणजे पाणी. पाण्याला कुठे चव असते?

मुलाने, म्हणजे महेशने, त्यांना नवीन फोन घेऊन दिला. बोललं की ऐकणारा. काका त्याला सकाळी गॅलरीत उभे राहून ठणकावून सांगायचे, "महेशाक फोन लाव." फोन अदबीने सांगायचा की त्याला समजलं नाही. दुसरा कोणी असता तर फोनला शिव्या घातल्या असत्या. काकांना त्याची कणव आली. बिचारा नवीन आलाय, म्हणाले, शिकेल हळूहळू. अजून शिकवतायत.

असा हा माणूस दिवसभर बोलतो. जिन्यात बोलतो, नळावर बोलतो, दाढी करताना बंद दाराआडून बोलतो. फक्त वर्षातून एकदा, चतुर्थीला, त्यांचं बोलणं ऐकायला आम्ही आपणहून खाली उतरतो. कारण ते गाऱ्हाणं घालतात.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मालवणी माणसाचं गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. गावातला मानाचा माणूस नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने, घरच्यासारखं बोलतो. तो जरा थांबला की बाकीचे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." गावाला हा मान घाडी घराण्याचा. चाळीतही तो त्यांच्याकडेच आला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

आणि काका काय मागतात! "बा गणपती म्हाराजा, तिसऱ्या माळ्यावरच्या नळाक पाणी येणा नाय, तेचा काय ता बघ रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "ही जी काय जागेची भानगड लागलीहा, ती सोडय, आणि जो कोण मधीच खाता तेका अजीर्ण होऊ दे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा, हे जरा जास्तच जोरात. "जी लेकरां चाळ सोडून बदलापुराक गेली, विराराक गेली, तेंचा थंय भला कर." इथे पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसतात. गुजराती दुकानदार, तेलुगू इस्त्रीवाला, सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. मी स्वतः देव मानत नाही. मीही म्हणते.

आता अन्याय.

मंडळाचा सेक्रेटरी निखिल. माझ्याच वर्गातला. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहावं लागतंय. मंडळाची आरती तो मोबाइलवरून लाइव्ह दाखवतो. आदल्या वर्षीच्या गाऱ्हाण्याखाली कोणीतरी लिहिलं होतं की हे काय चाललंय, कुठली भाषा ही. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. निखिलच्या मनाला ते लागलं. त्याने मंडळात विषय काढला की आपलं नाव आता मोठं होतंय, जरा स्टँडर्ड हवं. मग दादरहून एक निवेदिका बोलावली आणि गाऱ्हाणं तिच्याकडून शुद्ध करून घेतलं. ज्याच्या स्वतःच्या आजीला "काय करतंस"वाल्या मालवणीपलीकडे मराठी येत नव्हती, त्याने गाऱ्हाणं शुद्ध करून घेतलं!

काकांना कोणी सांगितलंच नाही. आरती संपली, काका नेहमीसारखे नारळ घेऊन पुढे झाले, आणि निखिलने माईक त्यांच्या डोक्यावरून त्या बाईंच्या हातात दिला. काकांच्या कानात तो म्हणाला, "काका, लाइव्ह जातंय ना, सगळ्यांना समजायला नको?"

बाई गोड बोलल्या. हे गणराया, या समस्त भाविकजनांच्या जीवनात सुखसमृद्धी नांदो, असं काहीसं. त्या थांबल्या तेव्हा चाळ गोंधळली. इथे व्हय म्हाराजा म्हणायचं की कसं? कोणीच म्हटलं नाही. ती शांतता फार अवघड व्हायला लागली आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या.

गाऱ्हाण्याला टाळ्या. देवाकडे काही मागायचं, आणि मागून झालं की मागणाऱ्याचं कौतुक करायचं. नळ, जागा, बदलापूर, विरार, कोणाचंही नाव त्या दिवशी देवापर्यंत पोचलं नाही.

मी त्याच संध्याकाळी घाडीकाकांकडे गेले. निषेधाचं पत्रक डोक्यात तयार होतं. काका भाजी निवडत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की अन्याय कोणावर झाला. बाई चांगल्या बोलल्या की. "माझ्यासारखीच बोलली. एकदम प्लेन."

मी पत्रक लिहिलं नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय तोच नाही म्हणाला, तर पत्रकाच्या पहिल्या ओळीत काय लिहिणार? पण त्यानंतर कितीतरी दिवस काकांनी कोणालाही त्याचं गाव सांगितलं नाही, हे मी बघत होते.

हे वर्ष उजाडलं. पावसाळ्याच्या तोंडावर काकांचा गुडघा धरला. दर रविवारी ते माटुंग्याला महेशकडे जातात, घावनाचं पीठ आणि कुळथाची पिठी घेऊन. पिशवी जड, म्हणून मी बरोबर गेले. बसमध्ये काका अखंड बोलत होते. कंडक्टर साताऱ्याचा आहे, असं त्यांनी ठरवलं; कंडक्टर लालबागचा निघाला; मग आई तिकडची. मला बरं वाटलं. माणूस ताळ्यावर आला म्हटलं.

महेशच्या घराचं दार उघडलं आणि काका बंद झाले.

मला दुसरा शब्द सुचत नाही. सोफ्याच्या कडेला बसले, हात मांडीवर. सून आपुलकीने विचारत होती, प्रवास नीट झाला? हो. चहा टाकू? नको. गुडघा कसा आहे? छान. महेश क्रिकेटचं काहीतरी बोलला, त्यावर काका हसले. तासभर हो, नको आणि छान, एवढ्यावर तो माणूस बसला होता. माटुंग्यात घाडीकाका खरोखरच बिनहेलाचे असतात.

त्यांची नात ईरा, वय वर्षं सात, मला तिची चित्रं दाखवायला आत घेऊन गेली. एका चित्रात सगळं घर होतं, सगळ्यांना मोठी लाल तोंडं, आणि आजोबांना तोंडच नव्हतं. मी विचारलं, हे राहिलं का गं? ती म्हणाली, नाही, आजोबा असेच आहेत.

"आजोबांना बोलायला आवडत नाही," तिने मला समजावून सांगितलं. "ते शांत आहेत."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. सरळ विचारलं, हा काय प्रकार आहे? काका बोलले, आणि या वेळी प्लेनबिन काही म्हणाले नाहीत.

"चेडू, आमची ईरा, बालवाडीत होता. खाऊच्या वेळाक 'माका नको' म्हणाला. पोरां हसली. रडत इला घराक. महेश माका कायएक बोललो नाय हां. सूनय नाय. मीच गप रवलंय. हो-नको करतंय. तेवढ्यात काय हेल येणा नाय."

मी म्हटलं, अहो, पण तिला वाटतं तुम्हाला बोलायलाच आवडत नाही.

"वर्षातून एकदा ऐकता ना. चतुर्थीक येता चाळीत. थंय माका कोण हसणा नाय. सगळी माणसां व्हय म्हाराजा म्हणतत. ता बघता. गेल्या साली बाजूक उभा होता. ती बाई बोलत होती, तेवा माका इचारल्यान, आजोबा, तुम्ही कधी बोलणार?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगतलंय. नारळ हातात होतो. तो दाखवलंय."

घरी पोचल्यावर मी हे पत्रक लिहायला घेतलं.

आता मागणी.

येत्या रविवारी संध्याकाळी आरास ठरवायची मंडळाची सभा आहे, चाळीच्या पटांगणात. यंदा माईक कोणाच्या हातात द्यायचा हा विषय मी लेखी दिला आहे. निखिल म्हणतो, लोकांना हवं असेल तर माझी ना नाही. ठीक आहे. लोक म्हणजे तुम्ही. जे चाळीत आहात ते खाली उतरा. जे बदलापूरला, विरारला गेलात, ते गाडी पकडून या; तुमच्याही नावाने मागणारा तो एकच माणूस उरलाय. भाषणं करू नका. काकांचा सत्कार तर अजिबात नको. हात वर करा, आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.

आणि चतुर्थीला सकाळी अगदी मूर्तीसमोर एक सात वर्षांची मुलगी उभी असेल. तिच्यापुढे उभे राहू नका.