तालमीतला साहेब

पंचवटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णा भालेरावांच्या घरात शिरायचं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून “मे आय कम इन, सर?” विचारावं लागे. दूधवाला गंगारामही यातून सुटला नव्हता. “अवो अण्णा, उन्हानं दूध नासंल! लय झालं तुमचं इंग्रजी!” असं तो कुरकुरायचा, पण शेवटी विचारायचा. मग आतून भारदस्त “येस” येई.

नोकरीसाठी गोऱ्या साहेबापुढे जायची वेळ आलेला गल्लीतला प्रत्येक तरुण आधी अण्णांपुढे उभा राही. खुद्द अण्णांनी जन्मात नोकरी केली नव्हती. तरुणपणी एकदा मुलाखतीला गेले आणि साहेबाचं दार पाहूनच घाम फुटून परत आले, हे तेच हसत हसत सांगत. घोटीकडची भातशेती खंडाने दिलेली, त्यावर या एकट्या विधुराचं भागे. एवढ्या भांडवलावर दुसऱ्यांना शिकवायला छाती लागते, आणि ती अण्णांना होती.

तालमीला ते डोक्यावर हॅट चढवून झोपाळ्यावर बसत. साहेब झुलत नाही, म्हणून झोपाळा खुंटीला बांधलेला. चिरूट म्हणून तोंडात पेन्सिल.

“बूट काढायचे नाहीत! हे देऊळ नव्हे. नजर टायवर ठेव. वर गेली तर उर्मट दिसशील, खाली गेली तर चोर!”

मुलाखतीनंतरचा नेमही ठरलेला. दोन दिवस जाऊ द्यायचे, मग कचेरीत चक्कर मारून हेडक्लार्कला नमस्कार करायचा आणि काहीही न विचारता परतायचं. “तोंड दिसलं की नाव आठवतं, वसंता,” अण्णा मला सांगत. थट्टा पुष्कळ झाली, पण त्यांच्या हाताखालची पोरं भराभर नोकरीला लागली, हे मान्य करावंच लागेल.

माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि घर माझ्यावर आलं. तेवढ्यात एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. तालीम संपली की बाकीच्या पोरांसारखा मीही अण्णांच्या पाया पडे, आणि ते हॅट बाजूला ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवत.

मुलाखत झकास झाली. बूट पायात, नजर टायवर. साहेब “थँक यू” म्हणाला, आणि सवयीने मी टेबलाला वळसा घालून थेट त्याच्या पायांवर वाकलो! साहेब दचकून खुर्चीसकट मागे सरकला. चपराशाने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

“अहो, काय केलंत हे?” हेडक्लार्क कळवळून म्हणाले. “साहेबांना लाचारीची भयंकर चीड आहे. गेलीच समजा नोकरी.”

गल्लीत परतून मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ऐकून हसतील. पण त्यांनी कोट चढवला आणि म्हणाले, “चल.”

साहेबाच्या दाराशी ते थबकले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले. “अण्णा, राहू द्या,” मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. “मे आय कम इन, सर?” आवाज चिरकला, पण ते आत गेले. मी आणि हेडक्लार्क मागोमाग गेलो.

आत त्यांचं इंग्रजी साफ आटलं. हेडक्लार्ककडे वळून ते मराठीतच बोलले, “साहेबांना सांगा, पोरगा लाचार नाही. चूक माझी. तालमीत मी साहेब व्हायचो, आणि जाताना तो माझ्या पाया पडायचा. साहेबापुढे हे चालत नाही, मला ठाऊक होतं. तरी मी त्याला कधी थांबवलं नाही. घरात पाया पडणारं दुसरं कुणी नाही हो. बरं वाटायचं मला.”

हेडक्लार्कनी ते इंग्रजीत सांगितलं.  साहेब उठला आणि त्याने स्वतः अण्णांसाठी खुर्ची पुढे केली.

नोकरी मला मिळाली. कचेरीतून बाहेर पडल्यावर अण्णांनी कोट काढून हातावर घेतला. मग खाली पाहत म्हणाले, “आत बोललो ते गल्लीत सांगू नकोस रे. पोरं उगाच संकोचतील, आणि पाया पडायचं बंद करतील.”