नारोपंतांच्या हिरवट टोपणाचे मूळ कैसे कळले त्याची हकीकत

श्री. वाळूस उजेड देणाऱ्या अग्निनारायणास वंदन. शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षी नाम संवत्सरे, माघ मासी, एके राज्यी घडले वर्तमान ऐसे जे : तारखात्यातील सरदार राजश्री नारोपंत आगटे चाकरीतून मोकळे होऊन सुखे राहात होते. जुन्या खांबांवर तार बांधावयास काचेची टोपणे असत, ज्यांस जाणते लोक इन्सुलेटर म्हणत, ती जमवावी आणि कोणते कोण्या मुलखी घडले ते शोधावे, हा पंतांस बहुत छंद. मग काचेचा रंग पाहावा, साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, माथ्यावरून गेली की खालीच थांबली ते नखाने चाचपावे, आणि निवाडा द्यावा. त्यांत एक हिरवट टोपण अतिप्रिय. त्याजवर नाव नाही, परंतु "हे विलायती, ऐसे दुसरे नाही," म्हणोन पंत सर्वांस सांगत. नगरीच्या प्रदर्शनी ते मधोमध मांडावयाचे ठरले आणि पंतांनी चिठ्ठीही तैसीच लिहिली.

तेव्हा कुटुंब उमाबाई यांणी टोपण रिठ्याच्या पाण्याने धुतले, जुना मळ निघाला, आणि आतल्या कडेस बोट अडखळले. उन्हात धरून पाहतात तो तीन पाकळ्यांचा शिक्का, मधली पाकळी तुटकी. बाईंनी पंतांस हाक मारली. पंतांनी पुसिले, "काय जाहले?" बाई बोलिल्या, "हा माझ्या आप्पांच्या भट्टीचा शिक्का." आप्पा म्हणजे बाईंचे तीर्थरूप भिकाजीबावा, नदीपलीकडल्या काचकारखान्याचे भट्टीवाले. आमची काच तारेच्या खांबांवर आहे, ऐसे ते मरेतो सांगत, आणि त्या कारखान्यात कंदिलाच्या काचा आणि बरण्यांखेरीज काही होत नसे म्हणोन सोयरेधायरे हसत. मग बाईही तो विषय काढीनाशा जाहल्या होत्या.

पंत म्हणाले, "शिक्के सारखे असू शकतात. खात्री पाहिजे." मग बाईंनी फडताळातून आप्पांनी दिलेली काचेची बरणी आणिली. तळास तोच शिक्का आणि तीच पाकळी तुटकी. तरी पंतांनी मित्र होरमसजी, जे या विद्येत पंतांहून कठोर, यांस बोलाविले. त्यांणी भिंग लावून बहुत वेळ पाहिले आणि म्हणाले, "पंत, शिक्का एकच. माल इथलाच. तुमची विलायत गेली." पंत हसो लागले आणि म्हणाले, "जाऊ द्या. सासरा तर मिळाला." आणि जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहिली की, कारागीर भिकाजीबावा, कारखाना नदीपलीकडचा.

मग प्रदर्शनी बाईंचे चुलते, जे सर्वांत अधिक हसत, ते काठी टेकीत आले. चिठ्ठी वाचिली, पुन्हा वाचिली आणि बोलिले, "भिकाजी खरे सांगत होता गं." टोपणाकडे हात नेला आणि मागे घेतला. बाई म्हणाल्या, "लावा हात, काका. इतकी वर्षे पावसापाण्यात उभे होते, तुमच्या हाताने फुटणार नाही."

येणेप्रमाणे विलायती टोपण घरचे जाहले, पंतांचा निवाडा चुकला आणि पंतांस त्याचा आनंद जाहला, आणि उमाबाई आप्पांविषयी बोलू लागल्या त्या अद्याप बोलत आहेत. वाचणारांचे डोळे निर्मळ राहोत.