जास्तीचा पट्टा

आमच्या मेहकरच्या कापूस जिनिंगमध्ये एक खिळा मागायला गेलात, तर नामदेवराव स्टोअरकीपर आधी जुना खिळा मागायचे. तो दगडावर ठोकून सरळ करायचे आणि चिठ्ठीवर सही घेऊन तुमचाच खिळा तुम्हाला परत द्यायचे. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी हे पाहिलं. जीव विटला हो माझा.

स्टोअरात सगळं दुप्पट. यंत्राच्या पट्ट्यामागे पट्टा, कंदिलामागे कंदील. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तरी घरातही ज्वारीची तीन पोती आणि बेसनाचे डबे. कशाला, विचारलं की म्हणायचे, "असू द्या. कामी येते."

मग मालकांचे पुतणे मुंबईहून शिकून आले. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हाच मागवायचा, असा हुकूम निघाला. पट्टा अकोल्याहून सकाळच्या एसटीनं येतो, मग दोन कशाला? नामदेवरावांची समजूत घालायचं लचांड अर्थात माझ्या गळ्यात. आठवडाभर डोकं खाल्लं त्यांनी. शेवटी मीच वैतागून म्हणालो, नोकरी टिकवायची असेल तर सही करा. केली बिचाऱ्यानं. जास्तीचा पट्टा अकोल्याला परत गेला.

ऐन हंगामात पट्टा तुटला. अकोल्याचा दुकानदारही आता लागेल तेव्हाच मुंबईहून मागवत होता. आवार कापसानं भरलेलं, त्यामुळे नव्या गाड्या आत घेता येईनात. फाटकाबाहेर रांग लागली. माल सोडून घरी कोण जाणार? दोन दिवसांत गाडीवाल्यांच्या शिदोऱ्या संपल्या. पुतण्यांना नेमकं बुलडाण्याला काम निघालं. नामदेवराव मला चार शब्द सुनावतील म्हणून मी तयार होतो.

तिसऱ्या दिवशी ते कामावर दिसेनात. फाटकाबाहेर गेलो तर तीन दगडांची चूल मांडून पिठलं ढवळत बसलेले. दोघं गाडीवाले भाकरी थापत होते, बाकीचे जेवत होते. नामदेवराव प्रत्येकाला हाक मारून वाढत होते. इतका खुशीत हा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी पट्टा आला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. डबे पालथे, पोती झटकून घडी घातलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांना सांगून सगळं भरून घेऊ, असं म्हणालो.

"नका सांगू," ते म्हणाले. "दरसाल भरतो मी, एकट्याले सरत नाही. औंदा सरलं. बरं वाटून राह्यलं मले."