धोंडोपंतांनी मल्लांचा राग मोजिला, त्याची हकीकत

श्रीबलभीम समर्थ. शके सोळाशे बाहत्तर, प्रमोद नाम संवत्सरे, चैत्र मासी एका राज्यात काय वर्तले ते सादर ऐकिजे. महाद्वारीच्या पहारेकऱ्याने, मुजरा उशिरा केला म्हणोन, परराज्यीच्या वकिलाचा हात पिरगाळोन मोडिला, आणि सरकार बहुत कष्टी जाहले, आणि धोंडोपंत कारकुनास आज्ञा केली की, "तालमीतून थंड डोक्याचा मल्ल निवडोन द्वारी ठेवणे. पुन्हा हात मोडला, तर तुमची कारकुनी गेली." मग पंतांनी दहा प्रश्नांची याद केली आणि तालमीत जाऊन बसले. प्रथम मालकोजी आला. त्याशी लढलेला गडी झोळीतून घरी जाई. पंतांनी पुसिले, "कोणी पायावर पाय दिला, तर काय कराल?" तो म्हणाला, "पाय मागं घेईन, पंत." मग सुभानजी आला, जो पाडलेल्या गड्यास आपल्या हाते हळद लावी. तो गरजला, "मान मोडीन!" पंत चक्रावले. दुसरे दिवशी पुन्हा पुसिले, तो मालकोजी "मान मोडीन" म्हणू लागला आणि सुभानजी "पाय मागं घेईन" म्हणू लागला. मग पंत रडकुंडीस येऊन तालमीच्याच वस्ताद येसबांकडे गेले. वस्ताद हसोन म्हणाले, "तुम्ही समोर बसलात आन् पोरांच्या डोळ्यांत बघू लागलात. त्यांनी कुस्तीच धरली. आमच्यात आधी हूल देत्यात, पंत. मनातला डाव दावील तो चीत."

"मग खरे उत्तर कोणते?"

"ते आता त्यास्नी तरी कुठं ठावं!"

तेव्हा ज्या धोंडोपंताने जन्मात आवाज चढविला नव्हता, त्याचे मस्तक फिरले, आणि त्याने दौत उचलोन भिरकाविली, आणि ती जवळच उभ्या मालकोजीच्या कपाळी बसली. शाई नाकावरून ओघळली. पंतांनी डोळे मिटोन देवाचे नाव घेतले. मालकोजी जवळ आला आणि पंतांचा हात हाती घेऊन म्हणाला, "मनगट मुरगळलं न्हाई न्हवं? फेकताना खांदा आधी फिरवावा." ही हूल की काय, म्हणोन पंत घटकाभर तैसेच उभे राहिले. ठोसा आला नाही. मग उरल्या शाईने अर्ज लिहिला की, "मालकोजी द्वारास लायक. तालमीत कोपिष्ट इसम एकच आढळला, तो धोंडोपंत कारकून." सरकार वाचोन पोट धरोन हसले, कारकुनी कायम केली आणि पंतांस रोज पहाटे शंभर बैठका फर्माविल्या.

ऐसे वर्तले. पुढे द्वारी कोणाचा हात मोडला नाही. आपण शांत की कोपिष्ट, हे मात्र पंतांस अखेरपर्यंत उमगले नाही. दौत तेवढी दोरीने बांधोन ठेवीत.